पॅरिसचा संप आणि चरीचा संप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला एखाद्या भाषणाची जोड द्यावयाची, ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. यंदा तो मान मला दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला, म्हणून विषयही इतिहासाचाच नेमून दिला गेला : दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये झालेली डावी चळवळ. फलकावर विषय वाचून दोघीतिघींनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "बाई, ते फ्रान्सचे डावे नि उजवे घेऊन आम्ही काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचाच प्रयत्न मी आज करणार आहे. त्यासाठी मला पॅरिसहून निघून आपल्या खारेपाटात यावे लागेल; कारण ज्या वर्षांत पॅरिसचे कामगार संपावर गेले, त्याच वर्षांत आपल्या अलिबाग तालुक्यातील चरी गावी शेतकऱ्यांचा संप चालू होता.

आधी 'डावे' या शब्दाचा उलगडा करू. आपल्याकडे डावा हात जेवणाला चालत नाही, नैवेद्याला चालत नाही. राजकारणातला डावा मात्र निराळा. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा तेथील सभेत राजाचे अधिकार कमी करावेत असे म्हणणारे लोक अध्यक्षाच्या डाव्या हाताला बसत आणि राजाची बाजू घेणारे उजव्या हाताला. तेव्हापासून, आहे ती घडी मोडून गरिबाला त्याचा वाटा मिळावा असे म्हणणाऱ्यांना जगभर डावे म्हणू लागले. म्हणजे शब्दही मूळचा फ्रान्सचाच.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. फ्रान्सने युद्ध जिंकले खरे, पण घरोघरचे कर्ते पुरुष गमावून. पुढे १९२९ साली अमेरिकेत मंदी सुरू झाली आणि ती हळूहळू साऱ्या जगावर पसरली. गव्हाचे भाव कोसळले, कारखाने बंद पडले. शेजारी जर्मनीत १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. फ्रान्समध्येही लोकशाही नको, कोणीतरी दंडुकेवाला हवा, असे म्हणणाऱ्या संघटना माजल्या आणि ६ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये लोकसभेवर चाल करून मोठी दंगल केली. त्या दिवशी माणसे मेली.

तोवर फ्रान्समधले समाजवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. दोघेही गरिबांचे कैवारी. पण भाऊबंदकी अशी, की परक्यापेक्षा घरच्याशीच वैर अधिक. या दंगलीने त्यांचे डोळे उघडले. सहा दिवसांनी, १२ फेब्रुवारीला, दोघांनी वेगवेगळ्या मिरवणुका काढल्या. त्या समोरासमोर आल्या, तेव्हा आता हाणामारी होणार असे सर्वांना वाटले. झाले उलटेच. माणसे "एकी, एकी" असे ओरडत एकमेकांत मिसळली. पुढाऱ्यांच्या आधी साध्या माणसांनी एकी केली. पुढाऱ्यांनी करार केला तो त्यानंतर, जुलै महिन्यात. मग रॅडिकल नावाचा मध्यमवर्गीयांचा मोठा पक्षही त्यांना येऊन मिळाला आणि लोकआघाडी तयार झाली. तिची घोषणा तीन शब्दांची होती : भाकरी, शांतता, स्वातंत्र्य. मला या घोषणेत आवडते ते हे, की भाकरीला पहिले पान मिळाले आहे.

१९३६ च्या एप्रिल-मे महिन्यांत निवडणुका होऊन लोकआघाडी जिंकली आणि लेआँ ब्लुम हे समाजवादी गृहस्थ पंतप्रधान झाले. नवे सरकार कारभार हाती घेण्याआधीच कामगारांनी संप सुरू केले. हे संप नव्या तऱ्हेचे होते. कामगार कारखान्याबाहेर पडण्याऐवजी आतच बसून राहिले, म्हणजे मालकाला बदली माणसे आणता येईनात. जून महिन्यात सुमारे १८ लाख माणसे संपावर होती. पॅरिसच्या मोठमोठ्या कापडाच्या नि चैनीच्या वस्तूंच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींनीही दुकानात ठाण मांडले. कारखान्याच्या फाटकावरून टोपल्यांत घालून जेवण आत जाई. आत बाजाची पेटी वाजे, नाच चाले. ती टोपली कोणाच्या घरून भरून येत असेल, ते आपल्याला सांगावयास नको.

सिमॉन वेल नावाची एक तरुण शिक्षिका होती. कामगारांविषयी पुस्तकातून बोलणे तिला पटेना, म्हणून शाळेतून रजा घेऊन १९३४-३५ साली तिने स्वतः कारखान्यांत यंत्रावर काम केले. प्रकृती तोळामासा, हात भाजलेले, डोके सतत दुखणारे. संप झाला तेव्हा ती आपल्या जुन्या कारखान्यात जाऊन आली आणि तिने लिहिले, की जेथे यंत्राच्या आवाजापुढे माणूस मान वर करीत नव्हता, तेथे आता गाणी आणि हसणे ऐकू येते. पगार किती वाढेल हा भाग नंतरचा; एकदा ताठ उभे राहता आले, हाच आनंद मोठा, असे तिचे म्हणणे. हीच बाई पुढे संस्कृत शिकली आणि भगवद्गीता मुळातून वाचू लागली, हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळजणींना ती जवळची वाटेल.

७ जूनच्या रात्री सरकारने मालक आणि कामगार यांना एकत्र बसविले व करार झाला. पगार शेकडा ७ ते १५ वाढले, कामगार-संघटनेला मान्यता मिळाली. त्याच महिन्यात दोन कायदे झाले : आठवड्याला ४० तास काम आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा. यापूर्वी रजा म्हणजे पगार बुडणे, एवढेच सामान्य कामगाराला ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात स्वस्त तिकिटे काढून कामगारांची कुटुंबेच्या कुटुंबे आगगाडीने समुद्रकिनारी गेली. त्यांतल्या पुष्कळांनी समुद्र प्रथमच पाहिला. शेतकऱ्यांसाठी गव्हाचा भाव ठरवून देणारी एक सरकारी कचेरी उघडली. मुलांचे सक्तीचे शिक्षण १३ वर्षांऐवजी १४ वर्षांपर्यंत केले.

राजकारणाबरोबर कलाही रस्त्यावर आली. जाक प्रेव्हेर या कवीची नाटकमंडळी संपाच्या ठिकाणी जाऊन खेळ करी. गांधीजींचे चरित्र लिहिणारे रोमाँ रोलाँ आपल्याला माहीत आहेत. त्यांचे राज्यक्रांतीवरचे नाटक १९३६ च्या जुलैत पॅरिसला मोठ्या थाटात झाले आणि त्याचा पडदा चित्रकार पिकासो यांच्या चित्रावरून केला होता. त्याआधी, १९३५ च्या जूनमध्ये, जगभरच्या लेखकांची एक परिषद पॅरिसला भरली होती. आपले सज्जाद झहीर त्या परिषदेला गेले होते. पुढच्याच वर्षी लखनौला प्रगतिशील लेखकांचे संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष प्रेमचंद. सातासमुद्रापलीकडचा वारा आपल्याकडे कसा वाहत येतो तो असा.

आता मी आपल्याला एक कोडे घालते. ब्लुम यांच्या मंत्रिमंडळात तीन स्त्रिया उपमंत्री होत्या. एक इरेन जोलिओ-क्यूरी, मादाम क्यूरींची कन्या, जिला १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. दुसऱ्या सेसिल ब्रुन्श्विग, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या. तिसऱ्या सुझान लाकोर. या खेड्यातल्या शाळामास्तरीण, आयुष्य मुलांना शिकविण्यात गेलेले. मीही शाळामास्तरीण असल्यामुळे लाकोरबाईंचा मला विशेष अभिमान. कोडे असे, की या तिघी मंत्रालयात बसत, पण निवडणुकीत मत देण्याचा हक्क तिघींपैकी एकीलाही नव्हता! फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली, आणि त्यांनी पहिल्यांदा मत दिले १९४५ साली. आपल्या मुंबई इलाख्यात मात्र १९२१ सालीच विधिमंडळाने स्त्री म्हणून मत नाकारायचे नाही असे ठरविले होते. मिळकतीची अट होती, म्हणून मत मोजक्याच बायकांना मिळाले. पण १९३७ च्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्यातली एखादी बाई मत देऊन आली असेल, तेव्हा नोबेल मिळविलेल्या इरेनबाईंना ते देता येत नव्हते.

पगाराचेही तेच. जूनच्या करारानंतर जे ठराव झाले त्यांत बायकांचा दर पुरुषांहून कमीच राहिला. पुष्कळ कारखान्यांत संपाच्या काळात रात्र झाली, की बायकांना घरी पाठवीत. लोक नावे ठेवतील म्हणून. एका जागी बसून एकच संप केला, पण कागद लिहिण्याची वेळ आली तेव्हा बाईचे नाव खालच्या ओळीत गेले. ही गोष्ट आपण पदराला गाठ मारून ठेवू या आणि आपल्या मुलखाकडे येऊ.

आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. अलिबागकडून पोयनाडला जाताना दोन्ही अंगांना जी सपाट भातखाचरे दिसतात तो खारेपाट. पूर्वजांनी बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडविलेली ही जमीन. बांध घातले, चिखल वाहिला, खाचरे केली ती कष्टकऱ्यांनी. मालकी मात्र खोताची आणि सावकाराची. कुळाने खोताला कबुलायत लिहून द्यायची. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात घालायचा. आगोटीच्या तोंडी घरातले धान्य संपले की खोताकडून उसने आणायचे आणि सुगीला ते दिडीने फेडायचे, म्हणजे एक मण आणले तर दीड मण घालायचे. शिवाय वेठ होतीच. खोताच्या घरी कार्य निघाले की कुळाने राबायला जायचे, आणि कुळाने म्हणजे त्याच्या बायकोनेही.

नारायण नागू पाटील हे या भागातले शेतकऱ्यांचे पुढारी. लोक त्यांना आप्पासाहेब म्हणत. गावोगाव हिंडून त्यांनी कुळांना एकत्र आणले आणि २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे २५ गावांच्या शेतकऱ्यांची सभा होऊन संप ठरला. खोताची जमीन कसायची नाही, असा हा संप. कारखान्याचा कामगार काम थांबवितो तेव्हा मालकाचे यंत्र थांबते, त्याचे स्वतःचे पोट दोन-चार आठवड्यांनी रिकामे होते. शेतकऱ्याने नांगर ठेवला की सबंध वर्षाचे अन्न गेले. खारेपाटात तर आणखी एक भीती. जमीन पडीक टाकून बांधाची राखण सुटली आणि खारे पाणी आत शिरले, की ती खाचरे पुढची काही वर्षे पिकाला येत नाहीत. ज्या जमिनीवर जीव, तीच डोळ्यांदेखत ओसाड पडू द्यायची होती.

पॅरिसचा संप काही आठवड्यांत मिटला. चरीचा संप १९३९ पर्यंत चालला. म्हणजे सहा पावसाळे.

माझे माहेर खारेपाटातले. माझ्या आजीने ती वर्षे भर तारुण्यात काढली. ती सांगे, की भल्या पहाटे बायका डोंगराला लाकडांना जात आणि मोळी डोक्यावर घेऊन बाजार गाठीत. ओहोटी लागली, की गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या धरीत. उन्हाळ्यात करवंदे विकीत, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्यांवर दिवस काढीत. पुरुष मजुरीला बाहेरगावी गेलेले. भाताच्या मुलखात भात विकत घ्यायची पाळी. मग पातळ पेज सगळ्यांना आणि तळाशी राहिलेली शिते लहान मुलांना. मी तिला एकदा विचारले, "आजी, संपाचे कोणी ठरविले?" ती म्हणाली, "सभा पुरुषांची. आम्ही कुडाआडून ऐकली. दुसऱ्या दिवशी शिजवायचे काय, तेवढे मात्र सभेत कोणी बोलले नाही."

भगिनींनो, सहा वर्षांत कुळांत फूट पाडायला काय लागले असते? एखाद्या घरच्या बाईने रडवेल्या मुलाकडे पाहून नवऱ्याला म्हटले असते, की पुरे झाले, जा खोताकडे आणि टाका कबुलायत लिहून. असे घर एक फुटले, की दुसरे फुटायला वेळ लागत नाही. ती घरे फुटली नाहीत म्हणून संप टिकला. संपाची गोष्ट सांगताना आपण सभा सांगतो, ठराव सांगतो. ते सांगावेच. पण चूल पेटती ठेवणे हाही संपाचाच भाग होता, तो त्याच्याबरोबर सांगितला पाहिजे.

या संपाच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९३४ साली ते चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेसाठी आले. आपला जिल्हा त्यांना नवा नव्हता. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यांनी केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच त्यांनी स्त्रियांची निराळी सभा घेतली. इतर बायकांप्रमाणे नीट लुगडे नेसा, मुलींना शिकवा, आपल्याला कमी लेखू नका, असे त्यांनी तेथे सांगितले. पुढाऱ्याने बायकांशी स्वतंत्र बोलावे, ही त्या काळी थोडी गोष्ट नव्हती. १९३६ साली, म्हणजे पॅरिसला संप झाला त्याच वर्षी, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामगार आणि कुळे यांनी जातीच्या भिंती ओलांडून एका निशाणाखाली यावे, हा त्यामागचा हेतू.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले, कारण शेतकऱ्याचे गाऱ्हाणे छापायला शेतकऱ्याचे पत्र हवे. १९३८ च्या जानेवारीत ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा आणि नाशिक या जिल्ह्यांतले २० ते २५ हजार शेतकरी मुंबईच्या विधानसभेवर मोर्चा घेऊन गेले. कोकणातली माणसे बंदरांवरून बोटीने गेली. पॅरिसच्या दोन मिरवणुका एकमेकींत मिसळल्या तसेच आपल्याकडेही झाले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, कामगारांच्या संपाचा हक्क आखडणाऱ्या विधेयकाविरुद्ध, बाबासाहेबांचा पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मुंबईत एकजुटीने संप केला. एरवी या दोघांचे फारसे जमत नसे.

कलेचेही तसेच. सत्यशोधकांचे जलसे आपल्याकडे आधीपासून होते. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. ज्याला वाचता येत नाही त्याला डफावरची थाप कळते, हे आपल्या शाहिरांना प्रेव्हेरच्या मंडळींकडून शिकावे लागले नाही.

आता हिशेब मांडू. लोकआघाडीचे सरकार फार टिकले नाही. महागाईने पगारवाढ खाऊन टाकली. शेजारच्या स्पेनमध्ये १९३६ च्या जुलैत लष्कराने बंड केले, तेव्हा मदत करावी की न करावी यावरून आघाडीत फाटाफूट झाली. १९३७ च्या जूनमध्ये ब्लुम यांनी राजीनामा दिला. १९३८ च्या नोव्हेंबरात कामगारांचा संप सरकारने मोडून काढला, आणि १९४० साली तर फ्रान्सच जर्मनांच्या टाचेखाली गेला. एवढे सगळे वाहून गेले, पण भरपगारी रजा राहिली. दोन आठवड्यांच्या तीन झाल्या, चार झाल्या, १९८२ साली पाच झाल्या. आज फ्रान्समध्ये कोणत्याही पक्षाचे सरकार आले तरी तिला हात लावीत नाही.

आपल्याकडे संपामध्ये तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातले. १९३९ साली मुंबई सरकारने कुळकायदा केला आणि संरक्षित कूळ ही कल्पना कायद्यात आली. तो सर्व जिल्ह्यांना लागू व्हायला आणखी काही वर्षे गेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मोठा कुळकायदा झाला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. चरीच्या माणसांनी १९३३ साली जे मागितले, ते कागदावर पूर्ण उतरायला जवळजवळ चोवीस वर्षे लागली. पण ते उतरले. चळवळी येतात आणि ओसरतात. कायद्यात आणि दप्तरात जे लिहिले गेले ते मागे राहते. म्हणूनच लिहिताना कोणाचे नाव लिहिले हे पाहावे लागते.

सातबाऱ्यावर नाव चढले ते बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाचे. ज्या बाईने मोळी विकून सहा वर्षे घर चालविले, तिचे नाव त्यावर आले ते क्वचित, आणि आले तर नवऱ्याच्या मागे, वारस म्हणून. यात कोणी मुद्दाम कपट केले असे मी म्हणत नाही. रीतच तशी होती. फ्रान्सच्या कारखान्यांतही रीतच तशी होती.

त्यानंतर कायदे पुष्कळ पुढे आले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. पण कायदा एकीकडे आणि ओसरी एकीकडे. आपल्याकडे वडिलांचे दिवसकार्य आटोपते, आणि पुढे एक दिवस बहिणीला बोलावणे येते. जेवण होते, साडी-चोळी होते आणि मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. "ताई, सही कर, तलाठ्याकडे द्यायचा आहे." ताई सही करते. माहेर तुटेल या भीतीने करते, किंवा कागद न वाचताच करते. माझ्या पाहण्यात अशा सह्या पुष्कळ झाल्या आहेत.

याला आज किती मोल आहे ते रायगडकरांना कोणी सांगायला नको. मुंबई खाडी ओलांडून आपल्या दारात आली आहे. २००६ च्या सुमारास पेण, उरण, पनवेल या भागात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यावयाचे ठरले आणि शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत अजमावले. जमीन द्यायची की नाही, याचे असे मतदान क्वचितच कोठे झाले असेल. पण मत कोणाला होते? सातबाऱ्यावर नाव असेल त्या खातेदाराला. ज्या घरी बाई लावणी करते, झोडणी करते, बांधाला चिखल लावते, पण उताऱ्यावर तिचे नाव नाही, त्या घरी तिने गप्प बसायचे. म्हणजे लाकोरबाईंचे १९३६ साली जे झाले, ते आमच्या पेणच्या बाईचे २००८ साली झाले. कामात आहे, मतात नाही.

आता त्या दोघीतिघींना मी उत्तर देऊ शकते. फ्रान्सच्या डाव्या चळवळीचे आपण काय करायचे? तिच्यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. एक, निरनिराळ्या मतांची माणसे भाकरीसाठी एकत्र आली, तर थोड्या दिवसांतही टिकाऊ काम करून जातात. दुसरी, एकत्र लढल्यावर वाटणी आपोआप सारखी होत नाही. कागद लिहिताना जागे राहावे लागते. मी कोणत्या पक्षाची नाही आणि कोणाला भावाशी भांडा असेही सांगत नाही. ज्या बहिणीला आपला वाटा भावाला द्यावयाचा असेल, तिने तो आनंदाने द्यावा. पण आपण काय देत आहोत हे वाचून, समजून द्यावा. देणे आणि जाणे यांत फरक आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. एखाद्या दुपारी भजनाच्या नाहीतर पाककृतीच्या कार्यक्रमाऐवजी सातबाऱ्याची दुपार ठेवावी. प्रत्येकीने आपापल्या घरचा सातबारा आणि आठ-अ उतारा घेऊन यावे. सासरचा आणावा, आणि जमल्यास माहेरचाही. एखादी वकीलबाई किंवा निवृत्त तलाठी बोलावून तो कसा वाचावयाचा, फेरफार म्हणजे काय, वारसनोंद कशी होते, पती-पत्नी दोघांची नावे लावायला अर्ज कोठे द्यायचा, हे समजून घ्यावे. विधवा भगिनींच्या नोंदी राहिल्या असतील तर मंडळाने चारजणींना बरोबर घेऊन कचेरीत जावे. एकटीला उद्या या म्हणतात, चौघींना बसा म्हणतात.

चरीच्या बायांना सभेत कुडाआड उभे राहावे लागले. आपल्याला हे सभागृह आहे, या खुर्च्या आहेत, ध्वनिक्षेपकसुद्धा आहे. तेव्हा ही दुपार लवकर ठरवावी.